झाडही आणि शिकारीही : निळ्या लाटांमागचे मिश्रपोषी

(या भागाचं लेखी रूप. लोकलच्या गर्दीत ऐकायला जमत नाही, किंवा ऐकलेलं परत एकदा वाचायचंय, त्यांच्यासाठी.)

आजचा भाग समुद्राचा आहे. आज आपण बोलणार आहोत अशा जिवांबद्दल, जे टाचणीच्या डोक्याएवढे किंवा त्याहून खूपच लहान आहेत. आणि त्यांच्यामुळे शाळेत शिकलेली एक गोष्ट आपल्याला पुन्हा एकदा तपासून बघायची आहे.

सुरुवात करूया नोव्हेंबर २०२० पासून. आठवतंय? घरात बसून बसून सगळे कंटाळले होते, आणि अचानक प्रत्येकाच्या फोनवर एकच व्हिडिओ फिरायला लागला. रात्रीचा काळोख, आणि किनाऱ्यावर फुटणारी लाट चक्क निळी! मुंबईतल्या जुहूपासून सिंधुदुर्गातल्या देवगडपर्यंत ठिकठिकाणचे व्हिडिओ आले. कोणी ओल्या वाळूत पाय आपटतंय आणि पायाखाली ठिणग्या उडतायत, कोणी पाण्यात हात फिरवतंय आणि बोटांमागे उजेडाची रेघ उमटतेय.

एवढं सुंदर दिसतंय म्हणजे चांगलंच लक्षण असणार, असं आपल्याला वाटतं. समुद्र स्वच्छ झाला, निसर्ग खूश झाला वगैरे. पण खरंच तसं आहे का? हे ठरवायला आधी तो उजेड पाडणारा जीव कोण आहे आणि तो काय खातो, हे बघावं लागेल. मला विचाराल तर 'काय खातो' हा भाग उजेडापेक्षाही भारी आहे.

एका पेशीचा कंदील

आपल्याकडच्या या चमकण्यामागे बऱ्याचदा जो जीव असतो त्याचं नाव नॉक्टिल्युका सिंटिलान्स. लॅटिनमधल्या 'रात्र' आणि 'उजेड' या शब्दांवरून आलेलं नाव. हा अख्खा जीव म्हणजे एकच पेशी. पण एक पेशी म्हणून लहान समजू नका. ही पेशी एक मिलिमीटरपर्यंत, कधी त्याहूनही मोठी होते. काचेच्या ग्लासात पाणी घेऊन उजेडात धरलं तर नुसत्या डोळ्यांनी साबुदाण्याच्या बारीक कणीसारखी दिसू शकते. गोल, पारदर्शक, फुग्यासारखी, आणि एका बाजूला छोटीशी सोंड.

पाणी हललं, लाट फुटली, मासा जवळून गेला की या पेशीवर दाब येतो. त्या दाबामुळे पेशीच्या आवरणात विजेचा एक झटका पसरतो, आतल्या सूक्ष्म पुड्यांमध्ये आम्लता वाढते, ल्युसिफेरिन नावाच्या द्रव्याची रासायनिक क्रिया होते आणि निळा प्रकाश पडतो. सेकंदाच्या दहाव्या हिश्शापेक्षाही कमी वेळ. एकट्या पेशीचा उजेड म्हणजे काहीच नाही. पण बहर आला की पाण्यात त्यांची एवढी गर्दी होते की अख्खी लाट पेटल्यासारखी दिसते.

आता गंमत बघा. हीच लाट दिवसा बघितली तर? आपल्या अरबी समुद्रात जिथे नॉक्टिल्युकाचा दाट बहर येतो, तिथलं पाणी दिवसा गर्द हिरवं दिसतं. पालकाचं सूप सांडल्यासारखं. हिरवं म्हणजे हरितद्रव्य. हरितद्रव्य म्हणजे प्रकाशसंश्लेषण. म्हणजे ही वनस्पती झाली ना?

थांबा. ही 'वनस्पती' आपल्या सोंडेनं आणि चिकट श्लेष्मानं आजूबाजूचे जीव पकडते आणि गिळते. छोटी शैवालं गिळते, कोपेपॉडची अंडी गिळते, माशांची अंडीसुद्धा गिळते. मग हा प्राणी झाला ना?

दोन्ही. आणि हेच आजच्या भागाचं बीज आहे.

गवत, नाकतोडा, बेडूक, साप, घार

शाळेतली अन्नसाखळी सगळ्यांना पाठ आहे. गवत नाकतोडा खातो, नाकतोड्याला बेडूक, बेडकाला साप, सापाला घार. परीक्षेत बाण काढायचे, दोन मार्क पक्के. समुद्राच्या धड्यात तेच चित्र थोडं बदलून यायचं. पाण्यात तरंगणारी सूक्ष्म वनस्पती म्हणजे वनस्पती-प्लवक. ते सूर्यप्रकाशावर अन्न बनवतात. त्यांना खातात प्राणी-प्लवक. त्यांना लहान मासे, लहान माशांना मोठे मासे. एका बाजूला स्वयंपाक करणारे, दुसऱ्या बाजूला जेवणारे. मध्ये भिंत.

जमिनीवर ही भिंत बऱ्यापैकी टिकते. गाय उन्हात कितीही वेळ उभी राहिली तरी तिचं पोट भरत नाही. अपवाद आहेत, आणि त्यातले काही आपल्या साताऱ्याजवळच्या कास पठारावर आहेत. श्रावण-भाद्रपदात पठारावर जांभळ्या-निळ्या फुलांचा गालिचा पसरतो, त्यात 'सीतेची आसवं' नावाचं एक नाजूक फूल असतं. फोटो तुमच्यापैकी अनेकांनी काढला असेल. ती वनस्पती मांसाहारी आहे! तिच्या खालच्या भागात बारीक पिशव्या असतात, आणि ओल्या मातीतले सूक्ष्म जीव त्या पिशव्यांमध्ये ओढून घेऊन ती पचवते. तिथेच दवबिंदू नावाची वनस्पती आहे, ती चिकट थेंबांवर किडे पकडते.

का करतात त्या असं? ऊन तर भरपूर आहे. कारण कासचं पठार म्हणजे जांभ्या दगडावरचा मातीचा पातळ थर. नायट्रोजन, फॉस्फरस यांची कायम टंचाई. उन्हातून साखर बनते, पण शरीर बांधायला नुसती साखर पुरत नाही. प्रथिनांसाठी नायट्रोजन लागतो. जमिनीतून मिळत नसेल तर किड्यातून काढायचा. सरळ हिशोब आहे.

आता हाच हिशोब समुद्राला लावा. उघड्या समुद्रात वरच्या थरात ऊन भरपूर, पण खतं अगदी कमी. ज्या थेंबाथेंबात नायट्रोजन आणि फॉस्फरस शोधावा लागतो, तिथे तो आयता कुठे मिळेल? दुसऱ्या जिवाच्या शरीरात. कास पठारावर जे मोजक्या वनस्पती करतात, ते समुद्रात प्रचंड संख्येनं चालतं. उन्हावर अन्न बनवायचं आणि शिकारही करायची, अशा जिवांना मिश्रपोषी म्हणतात. समुद्रात हा अपवाद नाही. नेहमीचा रिवाज आहे.

स्वतःची चूल, पळवलेली चूल, घरात ठेवलेला स्वयंपाकी

मिश्रपोषी प्लवक सगळे एकाच पद्धतीनं जगत नाहीत. अदिती मित्रा आणि केविन फ्लिन या शास्त्रज्ञांनी इतर सहकाऱ्यांबरोबर २०१६ मध्ये यांची एक नीट वर्गवारी मांडली. मी ती माझ्या भाषेत सांगते.

पहिला प्रकार, स्वतःची चूल असलेले. म्हणजे यांच्यात हरितद्रव्याची यंत्रणा जन्मजात असते, आणि वर ते शिकारही करतात. गोड्या पाण्यातलं डायनोब्रायन घ्या. छोट्या पेल्यांची उतरंड लावल्यासारखी याची वसाहत दिसते. १९८६ मध्ये बर्ड आणि काल्फ या दोन शास्त्रज्ञांनी कॅनडातल्या एका तळ्यात मोजलं की पाण्यातले जिवाणू नेमके कोण खातंय. उत्तर असं आलं की त्या तळ्यातले सगळे सूक्ष्म प्राणी मिळून जेवढे जिवाणू खात होते, त्यापेक्षा जास्त हे 'शैवाल' एकटं खात होतं.

तुम्ही म्हणाल, एका तळ्याचं काय घेऊन बसलात! ठीक आहे, महासागर घेऊ. २००८ मध्ये मायकेल झुबकोव्ह आणि ग्लेन टारन यांनी उत्तर अटलांटिकमध्ये हेच मोजलं. उन्हाळ्यात, उजेड पोचतो त्या थरात, जिवाणूंच्या एकूण फडशापैकी ४० ते ९५ टक्के वाटा सगळ्यात बारीक शैवालांचा निघाला. ज्यांना आपण बिचारी गरीब वनस्पती समजत होतो, तीच तिथली मुख्य शिकारी! आणि या शैवालांच्या शरीराचा साधारण चौथा हिस्सा या जिवाणूंमधून येत होता.

दुसरा प्रकार, पळवलेली चूल. ही गोष्ट तर वेब सिरीजच्या लायकीची आहे. मेसोडिनियम नावाचा एक सूक्ष्म प्राणी आहे. तो एका विशिष्ट शैवालाला गिळतो, पण सगळं पचवत नाही. त्याची हरितलवकं, म्हणजे प्रकाशसंश्लेषणाची यंत्रं, बाजूला काढून ठेवतो आणि स्वतःसाठी चालवतो. यंत्र चालवायला सूचना लागतात, म्हणून त्या शैवालाचं केंद्रकसुद्धा पळवून ठेवतो. २००७ मध्ये असं दाखवलं गेलं की हे चोरलेलं केंद्रक या प्राण्याच्या पोटात महिनाभरापर्यंत काम करत राहतं. मिक्सर चोरला आणि सोबत त्याचा मेकॅनिकही उचलून आणला, असा प्रकार.

पण चोरावर मोर आहेच. डायनोफायसिस नावाचा दुसरा जीव येतो, मेसोडिनियमला सोंड खुपसून शोषून घेतो, आणि त्यानं चोरलेली हरितलवकं आपल्याकडे वळवून घेतो! कित्येक वर्षं शास्त्रज्ञ डायनोफायसिसला प्रयोगशाळेत वाढवायचा प्रयत्न करत होते. उजेड दिला, खतं दिली, सगळं दिलं. जगेना. कारण सगळे त्याला झाडासारखं वाढवत होते. शेवटी २००६ मध्ये दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी त्याला जिवंत मेसोडिनियम खायला घातलं, आणि तो वाढायला लागला. एवढी साधी गोष्ट: त्याला भूक लागली होती.

हे नुसतं कुतूहल म्हणून सांगत नाहीये. डायनोफायसिसच्या काही जातींमध्ये असं विष असतं की ते शिंपल्यांमध्ये साठतं. ते शिंपले खाल्ले की माणसाला उलट्या-जुलाब होतात. शिजवलं तरी ते विष जात नाही. जपानमध्ये १९७० च्या दशकात ही विषबाधा पहिल्यांदा ओळखली गेली. जगात जिथे जिथे शिंपल्यांची शेती होते तिथे या जिवावर लक्ष ठेवावं लागतं. आता विचार करा, याचा बहर कधी येणार हे ओळखायला नुसतं पाण्यातलं खत मोजून भागेल का? त्याचा शिकार-साथी मेसोडिनियम आहे का, आणि मेसोडिनियमला लागणारं ते शैवाल आहे का, हे तिघंही बघावे लागतात. एखाद्याला 'वनस्पती' म्हणून मोकळं झालं की पुढचे सगळे हिशोब चुकतात, ते असे.

आणि तिसरा प्रकार, घरात स्वयंपाकी ठेवणारे. इथे येतो आपला हिरवा नॉक्टिल्युका. त्याच्याकडे स्वतःचं हरितद्रव्य नाही. त्याच्या फुग्यासारख्या पेशीच्या आत हजारो हिरवी सूक्ष्म शैवालं पोहत असतात. जिवंत! बिऱ्हाडकरूच म्हणा. बीट्रिस स्वीनी या शास्त्रज्ञ बाईंनी १९७६ मध्ये या बिऱ्हाडकरूचं वर्णन करून त्याला नाव दिलं. सौदा असा की, बाहेरच्या जगापासून संरक्षण आणि मालकाच्या जेवणातून उरलेलं खत बिऱ्हाडकरूला. आणि त्यानं उन्हावर बनवलेल्या अन्नातला वाटा मालकाला. शिकार मिळाली तर उत्तमच, नाही मिळाली तरी आठवडेच्या आठवडे निभावतं. थंड समुद्रांत नॉक्टिल्युकाचा लाल प्रकार असतो, त्याच्याकडे हे बिऱ्हाडकरू नसतात, तो निव्वळ शिकारी. उष्ण पाण्यात, म्हणजे आपल्याकडे, हिरवा प्रकार जोरात.

मग हे चांगलं की वाईट?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मिश्रपोषी असल्यानं समुद्राच्या अन्नसाखळीला फायदा होतो की तोटा?

एक उत्तर असं आहे: फायदा. बेन वॉर्ड आणि मिक फॉलोज यांनी २०१६ मध्ये संगणकावर दोन महासागर उभे केले. एका महासागरात शाळेतल्या पुस्तकासारखी भिंत: हे स्वयंपाक करणारे, हे जेवणारे. दुसऱ्यात मिश्रपोषींना मोकळीक. दुसऱ्या महासागरात जिवांचा सरासरी आकार काही ठिकाणी तिपटीपर्यंत वाढला, आणि वरून खोल पाण्यात बुडणारा कार्बन सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त निघाला.

असं का? आपल्या घरातलंच उदाहरण घ्या. पगारातला मोठा हिस्सा घरभाडं आणि बिलं भरण्यात जातो, शिल्लक पडतं ते थोडंसं. नुसत्या शिकाऱ्याचं तसंच असतं. खाल्लेल्या अन्नातला बराचसा भाग जगण्याची ऊर्जा म्हणून जळून जातो. मिश्रपोषी जिवाची ऊर्जेची बिलं सूर्य भरतो. त्यामुळे खाल्लेलं अन्न जास्त प्रमाणात शरीर बांधायला वापरता येतं. म्हणजे त्याला जो कोणी खाईल, त्याच्या ताटात जास्त पडतं. साखळीत वर जास्त अन्न पोचतं, आणि खाली जास्त कार्बन बुडतो. हवेतला कार्बन समुद्राच्या तळाशी नेणं म्हणजे हवामानाच्या हिशोबात मोठी गोष्ट आहे.

पण या उत्तरात एक अट दडलेली आहे. 'त्याला जो कोणी खाईल'. आणि कोणी खाल्लंच नाही तर?

अरबी समुद्रात काय झालं

आपल्या किनाऱ्यावरच्या निळ्या लाटा हा एका फार मोठ्या गोष्टीचा छोटा तुकडा आहे. मोठी गोष्ट घडते उत्तर अरबी समुद्रात, ओमानच्या किनाऱ्यापासून गुजरातच्या समोरपर्यंत.

दर हिवाळ्यात तिथे काय होतं बघा. हिमालयाच्या बाजूनं थंड, कोरडे वारे समुद्रावर येतात. वरचं पाणी गार होतं, गार झालं की जड होतं, जड झालं की खाली जातं. या घुसळणीत खालचं खतांनी भरलेलं पाणी वर येतं. आई ताक घुसळते तसंच. खत वर आलं, ऊन आहेच, की प्लवकांचा बहर येतो. पूर्वी या बहरात डायटम प्रमुख असायचे. डायटम म्हणजे काचेच्या कवचातली सूक्ष्म शैवालं. त्यांना खातात कोपेपॉड. हे जवळ्याचे अगदी लांबचे आणि कितीतरी लहान भाऊबंद. कोपेपॉडवर लहान मासे जगतात, लहान माशांवर सुरमईसारखे मोठे. आपल्या ताटातल्या माशापर्यंत येणारी ही एक मुख्य वाट.

२००० नंतरच्या दशकात संशोधकांना या हिवाळी बहरात दुसराच कोणीतरी दिसायला लागला. हिरवा नॉक्टिल्युका. आणि तो एखाद्या वर्षी नाही, पुन्हा पुन्हा. 'सागर संपदा' या भारतीय संशोधन जहाजावरून नमुने घेतले गेले. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या लॅमॉन्ट-डोहर्टी वेधशाळेतल्या हेल्गा गोम्स आणि जोकिम गोज, गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे प्रभू मातोंडकर आणि इतर सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये यावर एक मोठा निबंध प्रसिद्ध केला. डायटमची जागा नॉक्टिल्युका घेतोय, असं त्यांचं म्हणणं.

आता आपल्या साखळीत हा बदल घालून बघा. नॉक्टिल्युका स्वतः डायटम खातो, म्हणजे कोपेपॉडच्या ताटातलं पळवतो. कोपेपॉडची अंडीही खातो. वर त्याचा आकार एवढा मोठा की कोपेपॉडला तो खाता येत नाही. मुंगीनं कलिंगड कसं गिळावं? म्हणजे या जिवानं ऊनही घेतलं, खतंही घेतली, शेजाऱ्याचं जेवणही घेतलं, आणि स्वतः मात्र कोपेपॉडच्या तोंडात गेला नाही. ती जुनी वाट तिथेच अडते.

मग नॉक्टिल्युकाला खातं कोण? जेलीफिश आणि साल्प. साल्प म्हणजे पारदर्शक, लांबट पिंपासारखा जीव, पाणी गाळून जेवणारा. या दोघांच्या शरीरात बहुतेक पाणीच. कासवं आणि काही मासे त्यांना खातात, पण आपल्या बाजारात येणाऱ्या बहुतेक माशांसाठी ते काही डायटम-कोपेपॉडच्या जेवणाची जागा घेऊ शकत नाहीत. अन्न समुद्रात आहे, पण ते दुसऱ्याच गल्लीत वळलंय.

म्हणून मला वाटतं, आपण शाळेत चुकीचा प्रश्न पाठ केला. 'अन्न कोण बनवतं?' हा एवढा महत्त्वाचा प्रश्न नाही. 'ते पुढे कोणाच्या तोंडात जातं?' हा आहे. मिश्रपोषी जीव लहान असेल आणि खाल्ला जात असेल, तर तो साखळीला बळ देतो. मोठा असेल आणि वाट अडवून बसला, तर तोच जीव साखळी कोरडी पाडू शकतो. गुण तोच. फरक फक्त त्याच्या वरच्या पायरीवर कोण आहे, याचा.

कारण काय? इथे भांडण आहे

हा बदल का झाला, यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही, आणि ते तुम्हाला सांगायलाच हवं.

अरबी समुद्रात साधारण दीडशे-दोनशे मीटरपासून हजार मीटरपर्यंतच्या खोलीत प्राणवायू फार कमी असलेला प्रचंड थर आहे. जगातल्या सर्वात मोठ्या अशा थरांपैकी एक. २०१४ च्या निबंधाचं म्हणणं असं की हे कमी प्राणवायूचं पाणी वर, उजेडाच्या थरात येतंय, आणि नॉक्टिल्युकाच्या बिऱ्हाडकरूंना ते मानवतं. डायटमला मानवत नाही.

यावर हैदराबादच्या 'इनकॉइस' या आपल्या सरकारी समुद्र माहिती केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी हरकत घेतली. २०१८ मध्ये त्यांनी ईशान्य अरबी समुद्रातल्या बहरांची मोजमापं मांडली. त्या बहरांच्या ठिकाणी पाण्यात प्राणवायू कमी नव्हताच, असं त्यातून दिसलं. म्हणजे निदान त्या बहरांना प्राणवायूची कमतरता हे कारण लागू पडत नाही.

मग २०२० मध्ये गोज आणि सहकाऱ्यांनी आणखी एक धागा जोडला: हिमालय आणि तिबेटच्या पठारावरचा बर्फ. बर्फ कमी झाला की तिथून येणारे हिवाळी वारे पूर्वीइतके गार आणि कोरडे राहत नाहीत. वारे ऊबदार आणि दमट असतील तर समुद्राचं वरचं पाणी पुरेसं गार होत नाही, घुसळण कमी होते, खत कमी वर येतं. खताची टंचाई झाली की निव्वळ उन्हावर जगणारे डायटम अडचणीत. आणि अशा वेळी सगळ्यात निवांत कोण? ज्याच्याकडे दोन धंदे आहेत तो. पाऊस पडो न पडो, ज्याच्या घरी शेतीसोबत दुकानही आहे तो तग धरतो, तसंच.

हा वाद चांगला आहे. दोन गट एकाच समुद्रात जाऊन, मोजमापं घेऊन, एकमेकांना 'दाखवा' म्हणतायत. विज्ञान असंच चालतं. फॉरवर्डमध्ये मात्र एकच ओळ येते.

हिरवं दिसलं म्हणजे मासा मिळेल?

आता हे सगळं आपल्या दारात आणून ठेवते. मासेमारी करणाऱ्या कुटुंबांतले कोणी ऐकत असतील, तर हा भाग खास तुमच्यासाठी.

'इनकॉइस' मच्छीमारांना सल्ला देतं: अमुक दिशेला, अमुक अंतरावर मासा मिळण्याची शक्यता जास्त. तो सल्ला उपग्रहावरून येतो. समुद्राचं तापमान आणि पाण्यातलं हरितद्रव्य, या दोन गोष्टींवर. तर्क बरोबर आहे: हिरवं म्हणजे प्लवक, प्लवक म्हणजे माशांचं अन्न. पण उपग्रहाला वरून दिसतो तो मुख्यतः रंग. तो हिरवा रंग डायटमचा असला तर साखळी पुढे सरकते. नॉक्टिल्युकाचा असला तर त्याच हिरव्या रंगाचा अर्थ वेगळा. म्हणून बहर कोणत्या जातीचा आहे हे रंगाच्या बारीक छटांवरून ओळखायचं काम महत्त्वाचं आहे, आणि त्यावर शास्त्रज्ञ काम करतायत. डिझेल जाळून वीस-पंचवीस मैल आत जाणाऱ्या होडीला 'हिरवं आहे' एवढं पुरत नाही. 'कोणतं हिरवं' ते कळायला हवं.

एक मात्र स्पष्ट सांगते. मासा कमी मिळाला की सगळं खापर नॉक्टिल्युकावर फोडू नका. बेसुमार ट्रॉलिंग, बारीक आसाची जाळी, तापणारं पाणी, खाड्यांमध्ये सोडलेलं सांडपाणी, ही सगळी कारणं आपापल्या जागी आहेत. नॉक्टिल्युका हा त्या गर्दीतला एक.

आणि तो स्वतः माणसाला विषारी म्हणून ओळखला जात नाही. पण दाट बहर मरायला लागला की कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेतो, पेशींमध्ये साठलेला अमोनिया पाण्यात उतरतो, आणि बंदिस्त खाडीत मासे गुदमरू शकतात. खरा दणका बघायचा तर शेजारी बघा. २००८-०९ मध्ये इराणच्या आखातात आणि ओमानच्या आखातात दुसऱ्याच एका मिश्रपोषी जिवाचा, कॉक्लोडिनियमचा, लाल बहर आला होता. आठ महिन्यांहून जास्त टिकला, १२०० किलोमीटरहून जास्त किनारा त्याच्या तडाख्यात आला. मासे मेले, प्रवाळांचं नुकसान झालं, आणि समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्रकल्पांचं काम अडलं. दुबई-मस्कतला आपली किती माणसं राहतात! नळाला येणारं पाणी एका सूक्ष्म जिवामुळे अडू शकतं, हे तिथल्यांना तेव्हा कळलं.

जाता जाता

तर निळी लाट बघायला जाऊ नका असं मी अजिबात म्हणत नाहीये. जा, नक्की जा. आवाज कमी, टॉर्च बंद, डोळे काळोखाला सरावू द्या. फोनच्या कॅमेऱ्यापेक्षा डोळ्यांना ते छान दिसतं. फक्त जमलं तर दोन कामं करा. तारीख, वेळ आणि जागा लिहून ठेवा. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच जागी पाण्याचा रंग कसा आहे, किनाऱ्यावर जेलीफिश लागलेत का, हे बघा. एका माणसाच्या नोंदीतून फार काही कळत नाही. पण वर्षानुवर्षं एकाच किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसांच्या नोंदी शास्त्रज्ञांना उपयोगी पडतात, कारण जहाज वर्षातून काही दिवसच येतं. तुम्ही रोज असता.

आणि घरी कोणी शाळेत शिकणारं असेल, तर त्यांच्या पुस्तकातलं अन्नसाखळीचं चित्र उघडा. वनस्पती आणि प्राणी यांच्यामधल्या बाणावर पेन्सिलीनं एक छोटा गोल काढा आणि विचारा: "जो दोन्ही आहे, त्याला कुठे बसवशील?" उत्तर काय येतं ते मला कमेंटमध्ये कळवा. परीक्षेत मात्र पुस्तकातलंच लिहायला सांगा, नाहीतर आई-बाबा माझ्या नावानं शंख करतील!

पुढच्या भागात समुद्रातून खाडीत येऊ, खारफुटीच्या चिखलात. तोपर्यंत काळजी घ्या, ऐकत राहा. भेटू!